बाहेरून घातलेली कडी

मित्रांनो, मला चौकटीतून उतरवून गच्चीवर टाकलं आहे. पण ते झालंच नाही, असं धरून चालू. तर मी न्हाणीघराचा जुना दरवाजा. अजून जागेवर आहे, मजेत आहे.

मला सागवानी म्हणून आणलं. मी साग नव्हतो, पण कुणी विचारलं नाही आणि मीही बोललो नाही. काका माझ्याआड आंघोळ करताना बेसूर गायचे. वाफ खाऊन खाऊन मी फुगलो आणि एक दिवस माझी आतली कडी उपटून आली.

काका म्हणाले, सुतार बोलावू. पण काकूंचा धाकटा भाऊ नोकरी सुटून राहायला आला होता. घरचा माणूस असताना बाहेरचा कशाला, म्हणाला. त्याला नाही म्हणायला कुणाची जीभ रेटेना. दिवसभर खपून त्याने नवी कडी बसवली. बाहेरून. आतलं लाकूड कुजलंय, बाहेरचं दणकट आहे, हे त्याचं कारण. सगळ्यांनी वाहवा केली.

कडीशिवाय मी सताड उघडायचो. म्हणून आत जाणाऱ्याने हाक मारायची, बाहेरच्याने कडी घालायची. पुन्हा हाक आली की काढायची. "आमच्याकडे आंघोळीला जामीन लागतो," काका म्हणायचे.

शेवटी काकांनी गुपचूप सुतार बोलावला. तो सांगितल्या वेळी आला, हेच आधी कुणाला खरं वाटेना. काकूंनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. "भाऊ गेल्यावर या. त्याच्यादेखत नको, हिरमुसेल तो."

भावाला परगावी नोकरी लागली. तो दुपारी निघाला तेव्हा काका आत होते. कडी काकूंनीच घातली होती. बस चुकेल म्हणून धांदल उडाली आणि काकू तशाच त्याला पोचवायला गेल्या. काका आधी गायले. मग हाका मारल्या. मग छातीत दुखतंय गं, म्हणत माझ्यावर थापा मारत राहिले. घरात कुणी नव्हतं. कडी खरंच दणकट होती.

काकू येताना आठवणीने सुताराला घेऊन आल्या. कडी त्यांनीच काढली. काका मला टेकून बसले होते. गेले होते.

भावाला फोनवर त्या एवढंच म्हणाल्या, "झोपेत गेले रे. तू मनाला लावून घेऊ नकोस."

मित्रांनो, मायेच्या माणसाला जेवू घाला, हातोडी देऊ नका.

सबब, संबंधितांस नम्र विनंती, की सदर दुपारपुरती मला आतून उघडण्याची परवानगी मागील तारखेपासून देण्यात यावी.