हरभऱ्यातली होडी

अमितसाहेबांनी शिडाची होडी घेतली तेव्हा धरण काठोकाठ भरलेलं होतं. भादव्यात कुणालाही वाटतं, हे पाणी आपल्यासाठीच साठवलंय. नाशिकहून टेम्पोत घालून होडी आणली, आमच्या घराखालच्या बाभळीला बांधली आणि राखणीला आमच्या कारभाऱ्यांना ठेवलं. सावळीराम नाव त्यांचं. फार आज्ञाधारक माणूस. लग्नाला तीस वर्षं झाली, माझं सोडून सगळ्यांचं ऐकतात.

साहेब दर रविवारी यायचे. काळा चष्मा लावून वाऱ्याकडं तोंड करून उभे राहायचे आणि मला सांगायचे की मावशी, जरा निसर्गाशी एकरूप व्हायला शिका. मी डोक्यावर गवताचा भारा घेऊन ऐकायचे. एकदा मीच म्हणाले, साहेब, दिवाळीनंतर कालव्याला पाणी सोडतात, धरण खाली सरकतं. तर साहेब हसले. धरणाची पातळी त्यांना मोबाईलात दिसते म्हणे. बरं बाबा. मोबाईलाला दिसतं तर आम्ही डोळे कशाला ठेवायचे?

दिवाळीत साहेब परदेशी फिरायला निघाले. जाताना बजावून गेले, "मी येईपर्यंत होडी एक इंचसुद्धा हलवायची नाही." कारभाऱ्यांनी मान डोलावली. पाणी सरकायला लागलं तसा त्यांनी दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा साहेब मिटिंगमध्ये. मग काय, होडी राहिली जागेवर आणि धरण गेलं पुढं.

आता पाणी सरकलं की खालून काय निघतं ठाऊक हाय? माझ्या सासऱ्याचं वावर. मी नवी नवरी होते तेव्हा ते धरणात गेलं. पण दरसाल थंडीत वर येतं, सासऱ्यानं रचलेल्या दगडी बांधासकट. माहेरवाशिणीसारखं चार दिवस राहतं नि परत जातं. मला त्याचं लय सुख वाटतं, उगाच कशाला लपवू? यंदाही ओल्या गाळात हरभरा टाकला. होडीच्या चारी बाजूंनी झकास उगवला.

फेब्रुवारीत साहेब उगवले, बायको आणि दहा पाहुणे घेऊन. पाहुण्यांना शिडाच्या होडीतून फिरवायचं होतं. बघतात तर होडी हरभऱ्यात आणि पाणी चार वावरं खाली. साहेब कारभाऱ्यांवर भडकले. कारभारी शांतपणे म्हणाले, साहेब, एक इंच हलली असंल तर मोजून घ्या.

मग साहेबांनी गावातल्या गोटीरामचा ट्रॅक्टर बोलवायला सांगितला. होडी ओढून सरळ पाण्यात न्यायची. सरळ म्हणजे माझ्या घाटे धरलेल्या हरभऱ्यातून. वर म्हणाले, भरपाई देतो. माझं डोकंच फिरलं. मी होडीपुढं जाऊन फतकल मारून बसले.

"साहेब, भरपाईत हरभरा येईल. हे वावर मला वर्षातून एकदाच भेटतं."

साहेबांची बायको तृप्तीताई तेवढी पुढं आली, वाकून बांधाच्या दगडांवरून हात फिरवला. मग तिनंच विचारलं, मावशी, न्यायची कुठून? मी बांध दाखवला. दोन हात रुंद, थेट पाण्यात उतरलेला.

मग साहसी मंडळींना खरं साहस करावं लागलं. शीड काढलं, काठी काढली, होडी पालथी करून डोक्यावर घेतली आणि एकामागं एक बांधावरून निघाले. साहेब सगळ्यात पुढं, चष्मा घामानं नाकावर आलेला. पाय घसरला की मी मागून सांगत होते, निसर्गाशी एकरूप व्हा साहेब, पण हरभऱ्यात नको. एक झाडसुद्धा मोडलं नाही. मी परत येताना दोनदा बघितलं.

पाण्यात होडी टाकली तर वारा पडलेला. तासभर मधोमध बसून राहिले सगळे. संध्याकाळी निघताना साहेबांनी होडी पाण्याच्या कडेला खुंटीला बांधली, मान चोळली आणि कारभाऱ्यांना म्हणाले, "शिमगा झाला की येतो. तोवर एक इंचसुद्धा हलवायची नाही."

कारभाऱ्यांनी मान डोलावली.

मी होडीखालच्या पाण्याकडं बघत होते. गुडघाभरच होतं. त्याच्या खाली सासऱ्याचं दुसरं वावर हाय, शिमग्यापर्यंत तेही वर येतं. घरी आले, हातपाय धुतले आणि काकडीचं बी निवडायला बसले.