रविवारची गोळी

आमच्या तिहोमीरने शेवटची सहा वर्षं राकियाचा, आमच्या आलुबुखाराच्या दारूचा, थेंब जिभेला लावला नव्हता. हे मी आज कुणाच्याही तोंडावर सांगेन. सांगायला हवं होतं तेव्हा मात्र मी नेमकं उलटं सांगत फिरले, आणि या देसांकाचं तोंड किती चालतं ते सगळ्या गावाला ठाऊक आहे.

नवरा माझा भट्टीवाला. सप्टेंबर लागला की घरोघरचे आंबवलेले आलुबुखार पिंपात भरून आमच्या अंगणात यायचे आणि तांब्याची भट्टी पेटायची ती थेट थंडीपर्यंत. नळीशी तिहोमीर बसायचा. पहिली धार कुठे तोडायची, चांगली कुठे सुरू होते, हे त्याच्याइतकं पंचक्रोशीत कुणाला कळत नसे. पहिल्या धारेची पोटात गेली तर वाईट, ती फक्त सर्दी झाली की छातीला चोळायची. तेव्हा तो प्रत्येक घाण्याची चव घ्यायचा आणि संध्याकाळी गाणी म्हणत घरात यायचा. प्यायचा, खोटं कशाला बोलू? मी फार सोसलंय.

मग अठ्ठावन्नाव्या वर्षी लाकडं फोडता फोडता कोसळला. हृदयाचे ठोके बिघडलेत, डॉक्टर म्हणाले. ठोके ताळ्यावर ठेवायला गोळी दिली आणि दारू बंद सांगितली. घरी आल्यावर त्याने आपला छोटा पेला फळीवर पालथा ठेवला.

"संपलं, देसांका."

"हो रे हो," मी म्हटलं. "बघू किती दिवस."

भट्टीचं काम त्याने सोडलं नाही. चव घेण्याऐवजी तो चार थेंब तळहातावर घ्यायचा, दोन्ही हात चोळायचा आणि हुंगायचा. तेवढ्यावर त्याला सगळं कळायचं. पण हाताला वास, सदऱ्याला वास, उशीला वास. आता वास घेऊन आलेल्या माणसावर बायको विश्वास ठेवेल का? मी तरी ठेवला नाही.

गोळीचं खातं माझ्याकडे. डॉक्टरांनी बजावलं होतं, पाच दिवस द्यायची, शनिवार-रविवार सुट्टी, कारण हे औषध अंगात फार काळ मुरून राहतं. इथे सगळ्यांना तसंच देतात. पण माझं डोकं! हृदयाला काय रविवारची सुट्टी असते? शनिवारी-रविवारी ठोके कोण सांभाळणार, पाद्री? पाकीट लवकर संपायचं, तेव्हा औषधाच्या दुकानातली पोरगी ओळखीवर दुसरं द्यायची. रोज सकाळी कॉफीबरोबर तो हात पुढे करायचा आणि मी गोळी ठेवायची. रविवारी म्हणायचा, आज नको ना? मी म्हणायची, गप गिळ. आणि तो गिळायचा. माझ्यासारखी काळजी घेणारी बाई गावात दुसरी नाही, असं मला वाटायचं.

चौथ्या वर्षी त्याचे हात थरथरायला लागले. कॉफी बशीत सांडायची. मग चाल बिघडली, फाटकातून येताना खांबाला धरायचा. मग चेहरा, विशेषतः नाक, निळसर राखाडी झालं, पिकल्या आलुबुखारासारखं. असा माणूस दिसला की आमच्या गावात कुणी कारण विचारत नाही. तालुक्याच्या डॉक्टरने रक्त तपासलं, लिव्हर बिघडलेलं निघालं. त्याने कागद पाहिला, तिहोमीरचं नाक पाहिलं आणि मला विचारलं, किती घेतात? तिहोमीरने तोंड उघडायच्या आत मीच बोलले, भट्टीवाला आहे हो, किती म्हणून सांगू.

परतीच्या बसमध्ये तो खिडकीबाहेर बघत होता.

"देसांका, मी पीत नाही."

"हो रे हो."

त्यानंतर मी गोठा धुंडाळला, लाकडाचा ढीग उपसला, गवताची गंजी काट्याने टोचून पाहिली. एक बाटली सापडली नाही. म्हणून मला शहाणपण आलं का? छे. मला वाटलं, लेकाचा माझ्यापेक्षा बेरकी आहे. मग मी बोलत सुटले. विहिरीवर, चर्चच्या पायरीवर, दुकानात. त्याचा धाकटा भाऊ विदोये, त्याला मीच बोलावलं आणि सांगितलं, भट्टी तुझ्या अंगणात घेऊन जा, इथे राहिली तर हा मरेल. विदोयेने ट्रॅक्टरवर चढवून नेली. तिहोमीर हात पाठीमागे बांधून उभा होता. अडवलं नाही त्याने.

त्या नोव्हेंबरात घरच्या संताचा सण आला. त्या दिवशी यजमान दिवसभर बसत नाही, पाहुण्यांना वाढतो आणि संताच्या नावाने पहिला पेला तोच उचलतो. पाद्री आले होते, विदोये होता, वीसेक माणसं होती. तिहोमीरने पेला उचलायला हात पुढे केला आणि मी तो सगळ्यांदेखत त्याच्यासमोरून काढून घेतला. पाण्याचा ग्लास ठेवला. म्हटलं, याला एवढंच, याचं लिव्हर बघाल तर जेवण सोडून पळाल. माणसं हसली. आधी दरवर्षी या सणाला तो पेला नुसता ओठाला टेकवून खाली ठेवत होता, हे माझ्या लक्षात कसं आलं नव्हतं? त्याने पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरला, संताचं नाव घेतलं, जे म्हणायचं ते सगळं नीट म्हणाला. अर्धं पाणी टेबलाच्या कापडावर सांडलं. त्या दिवसापासून "मी पीत नाही" हे त्याने म्हणणं सोडलं. मला वाटलं, जिंकले मी.

वसंतात डोळे पिवळे झाले, पोट फुगलं. विदोयेने गाडीतून शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टरीण माझ्या मुलीच्या वयाची. फोटो काढले आणि मला एकटीला आत बोलावलं. पडद्यावर त्याचं लिव्हर पांढरंफटक दिसत होतं.

"पिणाऱ्याचं असं पांढरं दिसत नाही, आई," ती म्हणाली. "हे औषध साचलंय. ठोक्यांची गोळी किती वर्षं चालू आहे?"

"सहा," मी म्हटलं, आणि मेलीचा अभिमान बघा माझा, "एक दिवस चुकवली नाही. शनिवार-रविवारीसुद्धा नाही."

तिने पेन खाली ठेवलं. वर्षातून दोनदा लिव्हर तपासायला कुणी सांगितलं नव्हतं का, विचारलं. नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. हाताची थरथर, चाल, चेहऱ्याचा रंग, सगळं त्याच गोळीचं, ती म्हणाली. मी म्हटलं, पोरी, त्या रविवारच्या गोळ्यांनी झालं का? ती भली होती. म्हणाली, सांगता येत नाही, सुट्टी घेणाऱ्यांनाही होतं कधीकधी. सहा वर्षांचे शनिवार-रविवार. त्यांचा हिशेब मी केला नाही, करणारही नाही.

गोळी बंद केली, पण आत मुरलेली कुठे जाते लगेच? मी त्याच्या खाटेशी बसले.

"तिहोमीर, तू पीत नव्हतास रे."

"तेच तर सांगत होतो," तो म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं. थोड्या वेळाने म्हणाला, "विदोयेला सांग. सगळ्यांना सांग."

आयुष्यभरात त्याने माझ्याकडे एवढंच मागितलं. तीन आठवड्यांनी तो गेला.

दफनाच्या दिवशी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. रडत होते, हे खरं. पण तो पीत नव्हता असं म्हटलं की गोळी कुणाच्या हातची ते सांगावं लागणार, हेही खरं. माझी जीभ आयुष्यात तेवढी एकदाच अडली, आणि नको तिथे अडली.

चाळिसाव्या दिवशी कबरीवर सगळे जमले. उकडलेला गोड गहू वाटला, मेणबत्त्या लावल्या. मृताच्या नावाने थोडी जमिनीवर ओतायची म्हणून विदोयेने बाटली उघडली. त्याच भट्टीची. "घे दादा, तुझ्या आवडीची," तो म्हणाला, आणि मी त्याचं मनगट धरलं.

मग सगळं सांगितलं. पालथा पेला, तळहातावर चोळलेले थेंब, पांढरं लिव्हर, रविवारच्या गोळ्या. माझ्या हातच्या, हेही सांगितलं. एका दमात सांगितलं, काही गाळलं नाही. माणसं खाली बघत होती. एक म्हातारी छातीवर क्रूसाची खूण करत पुटपुटली, बायको असावी तर अशी, मेल्यावरही नवऱ्याची अब्रू झाकते.

"अब्रू झाकत नाहीये मी," मी म्हटलं. "खरं सांगतेय. विदोये, तो पीत नव्हता."

विदोयेचे डोळे भरले होते. चांगला माणूस आहे तो. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"हो वहिनी, हो," तो म्हणाला.

तो सूर मी ओळखते. सहा वर्षं माझाच होता. मग त्याने हलकेच आपलं मनगट सोडवून घेतलं आणि बाटली तिहोमीरवर ओतली.