आजी गेल्या

"ताई, आजी गेल्या हो!" एवढंच बोलून आईला सांभाळणाऱ्या मावशी रडायला लागल्या आणि फोन बंद पडला.

मी चष्म्याच्या दुकानात काच घासत होते. काच हातातून सुटली. परत फोन लावला तर लागेना. बसची वाट बघायचा धीर नव्हता, तशीच धावत सुटले.

रस्ताभर आईच दिसत होती. बाबांच्या मागे शाळांचे गणवेश शिवून तिने मला वाढवलं. मी कामाला लागल्यावर माझ्या मुलीला, ठमीलाही तिनेच वाढवलं. शाळेत सोडणं, आणणं, रुसवे काढणं, सगळं तिच्याकडे. आम्हा दोघींचे कपडे ती वाढत्या अंगाचे शिवायची. खाली भरपूर दुमड ठेवायची आणि आम्ही उंच झालो की उसवून सोडायची. "कापड काय तुमच्याबरोबर वाढणारे?" म्हणायची. आता ती नसलेल्या घरात शिरायचं, या भीतीने मी जिन्यातच थबकले.

पलंग रिकामा होता.

"आई कुठंय?"

"तेच तर, ताई! मी भाजी चिरत होते, दार उघडं राहिलं. गेल्या की हो निघून!"

मावशींना मिठी मारावी की कानाखाली वाजवावी, कळेना. पण लगेच दुसरी भीती उभी राहिली. हल्ली आईला आपली गल्लीही ओळखू यायची नाही, आणि कोपऱ्यावर भरधाव गाड्यांचा रस्ता. मी वेड्यासारखी हाका मारत फिरले. दवाखाना, बाग, दुकानं, कुठेच नाही. शेवटी ठमीला कॉलेजात फोन केला.

"आई, माझ्या शाळेत बघ," ती म्हणाली.

आई फाटकाशी उभी होती. पायात माझी एक चप्पल, मावशींची एक. मला बघताच डाफरली, "शाळा सुटायला इतका उशीर? पोरगी रडून अर्धी होईल!" मी तिचा हात जो धरला तो सोडेना. धापा टाकत ठमी आली आणि शहाण्यासारखी म्हणाली, "आजी, सुटली शाळा. चल घरी." आईने वाकून तिच्या पँटची कड चाचपली.

"आखूड झाली गं. उद्या सोडून देते."

त्या संध्याकाळी मी मावशींना तंबी दिली, "पुन्हा नुसतं 'गेल्या' म्हणायचं नाही. कुठे गेल्या, ते आधी सांगायचं." त्यानंतर फोन वाजला की माझ्या हातातलं काम सुटायचं. रोज सुटायचं.

परवा दुपारी पुन्हा मावशींचाच फोन आला. या खेपेला त्या रडत नव्हत्या. फार हळू बोलल्या, "ताई, आजी गेल्या."

"कुठे?" मी विचारलं. दुकानाच्या दारात येऊन एक चप्पल पायात घातलीही होती.

"कुठेच नाही, ताई. पलंगावरच आहेत."