दोनदा घडलेला मुखवटा

मी एक जुना मुखवटा आहे. नाटकातला नव्हे मित्रांनो, छत्रपती संभाजीनगरच्या एका कर्करोग रुग्णालयातला. जन्मतः मी प्लास्टिकची सपाट जाळी होतो. गरम पाण्यात मऊ झालो आणि पडेगावच्या भिकनबाबांच्या चेहऱ्यावर बसून काही मिनिटांत घट्ट झालो.

बाबा मेंढपाळ. फुप्फुसातला कर्करोग त्यांच्या मेंदूत पोचला होता. तिथे तीन गाठी होत्या. तपासणीत गाठीच्या जनुकातला नेमका दोष सापडला, म्हणून त्या दोषावरच काम करणारी गोळी सुरू झाली. गोळी साऱ्या अंगात फिरेल आणि तीन गाठींवर थेट किरण पडतील, असा डॉक्टरांचा बेत होता. किरण पडताना डोके जरासुद्धा हलू न देणे हे माझे काम.

किरणांच्या पहिल्या दिवशी बाबा आले ते चकोट करून! मी घडलो होतो केसांवरून, त्यामुळे आता चढलो, पण सैल. किरणांचे यंत्र चालवणाऱ्या मोनिकाताईंचे बोट माझ्या आत सहज शिरले.

"बाबा, केस कुठं गेले?"

"कातरले की. मेंढराला औषध लावायच्या आधी लोकर काढतोच ना आपण? औषध कातडीला लागाया पायजे."

"अवो, इचारायचं तरी!" त्यांच्या बायकोने, बानाबाईंनी, कपाळावर हात मारला. "मेंढराला तोंड नाय, तुमाला तर हाय!"

"चालू दे पोरी. म्या लई गप पडतो."

"नाही बाबा. दोन मिलिमीटर हुकलं तरी गाठ राहील आणि चांगल्या मेंदूला मार बसेल."

मला वाटले, आपण संपलो. पण ताईंनी मला पुन्हा गरम पाण्यात सोडले. बाबांचा चेहरा विसरून मी सपाट झालो आणि त्यांच्या तुळतुळीत डोक्यावर नव्याने घडलो. नवे स्कॅन, नवी आखणी, चार दिवस उशीर. मग पाच दिवस मी त्यांना असे धरले की बोट सोडा, कागदही आत गेला नसता.

तीन महिन्यांनी एमआरआय झाला. दोन गाठी दिसेनाशा, तिसरी आकसलेली. बाबा पुन्हा मेंढरांमागे जाऊ लागले. गोळी मात्र एक दिवसही चुकत नाही.

किरण संपल्यावर बाबांनी मला घरी आणले; आता मी बानाबाईंच्या पुदिन्यावर झाकण म्हणून असतो. शेळ्या येतात, धन्याचा चेहरा पाहून मागे सरतात. मित्रांनो, मला उन्हातून उचला असे मी म्हणत नाही. उपचार चालू असताना आपल्याच मनाने काही करण्याआधी एकदा विचारा, एवढेच मागणे आहे.

बाबांचे केस पुन्हा वाढले. परवा कातर घेऊन ते अंगणात बसले, माझ्याकडे पाहिले आणि मोनिकाताईंना फोन लावला.

"पोरी, आता कातरू का?"