मागच्या सीटवर नाना होते

पडदेवाल्याच्या बायकोने त्या गाडीला ‘सवत’ असं नाव ठेवलं होतं. नवरा सकाळी उठून आधी तिची विचारपूस करणार, थंडीत तिच्या अंगावर जुनी चादर घालणार, तिच्या दुखण्याखुपण्याला रविवारचा रविवार देणार. दुसरं काय नाव सुचेल? पस्तिशी उलटलेली ती गाडी एके काळी टॅक्सी होती. वरून हिरवा रंग चढवला होता, तरी दार उघडलं की कडेने जुना पिवळा डोकावायचा. नानांनी, म्हणजे पडदेवाल्याच्या वडिलांनी, तिच्या जिवावर संसार केला होता. आता मुलगा तिच्यात कापडाचे गठ्ठे आणि दांड्या कोंबून, टपावर शिडी बांधून घरोघर पडदे लावत फिरायचा.

गाडी न विकण्याचं खरं कारण नानाच होते. आई गेल्यापासून त्यांच्या डोक्यातलं एकेक सांडत चाललं होतं. घरात असले की दारं तपासत फिरत, चपला शोधत, गिऱ्हाईक ताटकळलंय म्हणून घाई करत. गाडीत बसवलं की मात्र गपगार. मागच्या सीटवर गठ्ठ्याला डोकं टेकून लहान पोरासारखे झोपून जात. मध्यंतरी सुनेच्या आग्रहाखातर एक बऱ्यापैकी नवी गाडी दाराशी बघायला आणली होती. नानांनी तिच्याभोवती चक्कर मारली, परक्याच्या उंबऱ्यात अडखळावं तसे उघड्या दारापाशी थबकले आणि मुलाला हळूच म्हणाले, यांना सांग, मी चालत जाईन. विषय तिथेच संपला. तेव्हापासून सून सवतीला नावं ठेवायची, पण विकायचं नाव काढायची नाही.

ज्या दिवशी हे घडलं त्या दिवशी काम एका उताराच्या रस्त्यावर, तिसऱ्या मजल्यावर होतं. जिने चढणं नानांच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. पडदेवाल्याने नेहमीप्रमाणे गाडी खिडकीखालीच लावली. नाना झोपले होते. अंगावर त्याने जाड किनखापाचा एक तुकडा घातला, काच बोटभर खाली ठेवली आणि तो वर गेला. दिवाणखान्यातलं काम होईपर्यंत शिडीवरून मान वळवली की खाली गाडीचा टप दिसायचा. चार कड्या अडकवायच्या, एकदा खाली बघायचं, असं चाललं होतं. मग घरमालकीणबाईंनी झोपायच्या खोलीतली दांडीही आत्ताच बसवून द्या म्हणून सांगितलं. त्या खोलीची खिडकी मागच्या अंगाला होती. भिंत दगडासारखी कडक निघाली, ड्रिल सारखं घसरत होतं, आणि त्या नादात तो जरा जास्तच वेळ तिकडे अडकला.

परत येऊन त्याने खाली पाहिलं तर दोन गाड्यांच्या मधे मोकळी जागा होती. रस्त्यावर तेलाचा डाग तेवढा होता.

आधी त्याला वाटलं, आपण चुकीच्या खिडकीतून बघतोय. मग हातातल्या कड्या खळकन खाली पडल्या. जिना तो कसा उतरला हे त्याला पुढे कधीच आठवलं नाही. रस्त्याच्या वरच्या टोकापर्यंत धावला, खालच्या टोकापर्यंत धावला, समोरच्या दुकानात विचारलं, कोपऱ्यावर भाजी निवडत बसलेल्या बाईला विचारलं. ती म्हणाली, हिरवी गाडी होय, खडखडत गेली की मघाशी. कोण चालवत होतं? ते काही तिने पाहिलं नव्हतं.

हँडब्रेक सुटून गाडी आपोआप घरंगळली असती तर खाली कुठेतरी आदळलेली दिसली असती. म्हणजे कोणीतरी नेली होती. त्या गाडीचं कुलूप इतकं झिजलं होतं की कुठलीही चपटी किल्ली, अगदी पेचकससुद्धा चालायचा. जुनं लोखंड भंगारात घालायला किंवा सुटे भाग विकायला अशा गाड्या जातात, हे त्याने ऐकलं होतं. गाडी गेली तर गेली. पण मागे किनखापाखाली झोपलेला माणूस चोराला दिसला असेल का? आणि दिसल्यावर त्याने काय केलं असेल?

पोलीस ठाणं जवळच होतं. टेबलामागे बसलेल्या पोलीसबाईंनी गाडीचा नंबर विचारला, रंग विचारला. तो म्हणाला, “बाई, गाडीचं राहू द्या. आत माझे वडील आहेत.” त्यांनी लेखणी थांबवून त्याच्याकडे पाहिलं, तिथूनच फोन करून गस्तीच्या लोकांना कळवलं आणि मग नानांचं वर्णन विचारलं. अंगात काय होतं? ते त्याला सांगता येईना. सकाळी शर्टाची बटणं त्यानेच लावून दिली होती, एक बटण सैल होतं तेही आठवत होतं, पण शर्टाचा रंग काही केल्या डोळ्यांपुढे येईना. आपण रोज त्यांना कपडे घालतो आणि बघत मात्र नाही, या विचाराने त्याचं रडू फुटायच्या बेतात होतं.

तेवढ्यात बायको आली. तो फोनवर जे काही बोलला होता त्यातलं तिला निम्मंच कळलं होतं, पण पडद्यांच्या दुकानातल्या मशीनवर शिवण तशीच टाकून, शटर ओढून ती निघाली होती. गळ्यात अजून मोजपट्टी लोंबत होती. तिने एका दमात सगळं सांगितलं: निळा चौकडीचा शर्ट, वर तपकिरी स्वेटर, डाव्या कोपराला ठिगळ, पायात मोजे नाहीत कारण ते घालू देत नाहीत. मग ती नवऱ्याशेजारी बाकावर बसली. एरवी अशा वेळी तिने त्याला बोलून हैराण केलं असतं. त्या दिवशी ती नुसता त्याचा हात धरून बसली, त्यामुळे तो आणखीच घाबरला.

बराच वेळ तसाच गेला आणि मग तिच्या पर्समधला फोन वाजला. नंबर अनोळखी होता. पोलीसबाईंनी खूण केली तसा तिने आवाज मोठा ठेवला.

“पडदेवाले का?” पुरुषाचा आवाज होता, जरा दबका.

“हो, बोला,” ती सवयीने म्हणाली.

“तुमचा नंबर गाडीच्या मागच्या काचेवर लिहिलाय. गाडी जुन्या टॅक्सी स्टँडवर आहे. नाना बरे आहेत. चहा घेतलाय त्यांनी.”

पडदेवाला उठून उभा राहिला. बायकोने विचारलं, “तुम्ही कोण?”

नाव सांगायचं सोडून तो माणूस एकदम तडकून म्हणाला, “एवढ्या म्हाताऱ्या माणसाला असं गाडीत एकटं टाकून जातात का? काच नीट लागत नाही, ब्रेक धड लागत नाहीत. काही झालं असतं म्हणजे?”

“चुकलं आमचं,” ती म्हणाली. “माफ करा.”

फोन बंद झाला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या, हे तिच्या लक्षात यायला अजून अवकाश होता. आत्ता तिला फक्त नाना बरे आहेत एवढंच ऐकू आलं होतं.

पोलिसांच्या जीपमधून ते तिघे निघाले. जुना टॅक्सी स्टँड आता नावालाच उरला होता. दोन-तीन गाड्या, एक बाक आणि कोपऱ्यात चहाची टपरी. हिरवी गाडी कडेला अगदी सरळ रेषेत उभी होती. नाना बाकावर बसले होते. किनखापाचा तुकडा कोणीतरी त्यांच्या पायांभोवती नीट गुंडाळला होता. चेहऱ्यावर कामावरून आलेल्या माणसाचं समाधान होतं.

पडदेवाला त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि त्यांचे दोन्ही हात त्याने आपल्या हातांत घेतले. हात गरम होते. तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला, आणि इतका वेळ अडवून धरलेलं रडू आलं. नानांना त्याचा अर्थ लागेना. त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सुनेला विचारलं, “याला कोणी बोललं का?”

गाडी नेणारा माणूस तिथे नव्हता. जीप वळणावर दिसली तसा तो उठून गेला होता. काय घडलं ते त्याने चहावालीला सांगितलं होतं, कारण तो एवढा भेदरलेला होता की तिने त्याला आधी बसवून साखर घातलेला चहा पाजला होता. चहावाली नानांना त्यांच्या टॅक्सीच्या दिवसांपासून ओळखत होती. तिने सगळी हकिगत जशी ऐकली तशी सांगितली.

त्या माणसाला गाडी रिकामी वाटली होती. मागे कापडाचा ढीग आहे, एवढंच त्याने पाहिलं. उतारावर गाडी सुरू झाली, वेग आला, आणि दुसरा गियर खाडकन निसटला. तेवढ्यात ढिगातून आवाज आला: “बाळ्या, दुसरा धरून ठेवावा लागतो. किती वेळा सांगायचं?” बाळ्या म्हणजे पडदेवाला. त्याला नानांनी याच गाडीवर शिकवलं होतं. चोराची बोबडीच वळली. त्याने घाबरून ब्रेकवर पाय दिला तर तो थेट तळाला गेला. पुढे चौक, चौकात आडवी बस. मागून नाना झोपाळलेल्या पण ठाम आवाजात म्हणाले, “सोड आणि परत दाब. आता हँडब्रेक ओढ. हळू.” बस हाताच्या अंतरावर असताना गाडी थांबली.

तिथे त्याने दार उघडून एक पाय रस्त्यावर टाकलाही होता. पळाला असता तर त्याला कोणी धरलं नसतं. पण मागे गाड्यांचे भोंगे सुरू झाले होते आणि भर चौकात हा म्हातारा. नाना म्हणाले, चल, रस्ता मोकळा झाला. त्याने पाय आत घेतला आणि कुठे जायचं म्हणून विचारलं. आयुष्यभर जिथे दिवसाचा शेवट केला तिथलाच पत्ता नानांनी सांगितला आणि सगळ्या वाटेने त्याला गाडी शिकवत आणलं.

पोलीसबाईंनी चहावालीला विचारलं, माणूस दिसायला कसा होता? चहावाली म्हणाली, गर्दीत लक्ष नव्हतं माझं. स्टँडवर त्या वेळी चिटपाखरू नव्हतं. पोलीसबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग पडदेवाल्याकडे. तक्रार पुढे न्यायची का, असं त्यांनी विचारलं. तो बायकोकडे बघून म्हणाला, “गाडी मिळाली, माणूस मिळाला. त्याला ती बस चुकवता आली, एवढं माझ्यासाठी पुरे आहे.” बायकोने मान डोलावली. नानांना त्या माणसाबद्दल विचारलं तेव्हा ते म्हणाले, पोरगा चांगला आहे, पण क्लच फार जोरात सोडतो.

गाडी त्या अवस्थेत चालवायची पडदेवाल्याची छाती झाली नाही. ब्रेक दोनदा दाबायची त्याला इतकी सवय झाली होती की ती खोड आहे हेच तो विसरला होता. गॅरेजवाल्याला बोलावलं. तो आला, चाकाखाली वाकून बघितलं आणि एक शिवी हासडून गाडी ओढून घेऊन गेला. ब्रेक नवे, कुलूप नवं, आणि काच पूर्ण लागेल अशी, असं सुनेने त्याला बजावलं. सवतीवर खर्च करायला तिने पहिल्यांदाच आपणहून सांगितलं होतं. वर तिने असंही ठरवून टाकलं की यापुढे नवरा वर असेल तेव्हा नानांसोबत गाडीत ती बसेल, आणि तिला जमणार नसेल तर ते काम खुशाल दुसऱ्याला जाऊ दे.

घरमालकीणबाईंचा फोन आला होता. कड्या त्यांनी वेचून ठेवल्या होत्या, शिडी जपून ठेवली होती, पडदे सावकाश लावा म्हणाल्या.

दुपारी घरी आल्यावर नाना दोन घास खाऊन आडवे झाले. मधला दरवाजा सुनेने उघडाच ठेवला. दोघं नवरा-बायको स्वयंपाकघरात बसले, पुढ्यातलं जेवण निवत चाललं होतं. अचानक बायकोला हसू फुटलं. “अहो, मी त्याची माफी मागितली,” ती म्हणाली, आणि तोंडावर पदर धरून हसतच राहिली. तोही हसायला लागला. आवाज होऊ नये म्हणून दोघं एकमेकांना गप्प करत होते आणि तेवढंच जास्त हसत होते. हसता हसता तिचे डोळे भरून आले.

मग आतून नानांच्या घोरण्याचा आवाज यायला लागला, एका लयीत, मधेच थांबून पुन्हा सुरू होणारा. दोघं ते ऐकत बसले. दुकान उघडायचं होतं, कामं पडली होती, पण उठायला कोणीच तयार नव्हतं.