नऊ नंबरची चप्पल

घनश्यामरावांनी एकतीस वर्षं पुसदच्या एसटी स्टँडवर गाड्यांच्या घोषणा केल्या आणि निवृत्त झाल्यावर घराचा वरचा मजला भाड्याने दिला. दोन्ही कामांत आपल्याला कोणी नावं ठेवणार नाही, अशी त्यांची खात्री होती.

दुरुस्तीच्या बाबतीत तर ते स्वतःला आदर्श मालकच समजत. वरच्या दोन खोल्यांत राहणारी अंजू आडे कृषी खात्यात होती. सकाळी नऊला स्कूटीवर निघायची, गावोगावी कपाशीवरची बोंडअळी मोजायची आणि दिवेलागणीला परतायची. तिला कशाला त्रास, म्हणून ती गेल्यावर घनश्यामराव खिळ्यावरची दुसरी किल्ली काढून उकंडा नळवाल्याच्या हातात देत. गुडघ्यामुळे स्वतः वर चढत नसत. उकंडा वर काम करी, हे खाली पेपर वाचत. संध्याकाळी अंजूला नळ आपोआप बरा झालेला दिसे. भाडेकरूची याहून मोठी सेवा ती कोणती?

उकंडाने बसवलेला नळ कधी गळत नसे. उकंडा स्वतः मात्र गळत असे.

"काकाजी," एकदा किल्ली परत देताना तो म्हणाला, "वर कोनी पाहुना आला काय? दाराच्या आत चप्पल हाय. मानसाची. नऊ नंबर. दोरीवर शर्टबी हाय, निळ्या चौकड्यांचा."

"तुले कायले पाह्यजे?"

"मले नाही पाह्यजे. दिसलं म्हनून सांगतलं."

तो उरलेल्या गावालाही दिसलं म्हणूनच सांगत गेला. चार दिवसांनी त्याला भिंतीची ओल काढायला पाठवलं, तर तो दोन मिनिटांत खाली आला. "कुलूप बदललं, काकाजी. पितळी हाय, मोठं."

चप्पल, शर्ट आणि आता कुलूप. घनश्यामरावांनी हिशेब जुळवला आणि त्यांचं जेवणावरचं मन उडालं. खोली खाली कर म्हणून सांगायला हवं होतं, आणि तेच तर तोंडातून निघत नव्हतं. गेल्या वर्षी त्यांना डेंग्यू झाला, तेव्हा त्यांच्या उशाशी रात्रपाळ्या अंजूने केल्या होत्या. तांड्यावरून येताना ती तिच्या बाच्या, गुलाबसिंगच्या शेतातल्या तुरीच्या शेंगा आणायची. आणि रोज संध्याकाळी फाटकातून आवाज द्यायची, "काकाजी, मारेगाव-पुसद गाडी आली." मग हे आतून म्हणायचे, "फलाट क्रमांक दोनवर लावा." नवं कुलूप लागल्यापासून गाडी मुकाट्याने येत होती.

रविवारी ते गुडघ्यावर हात ठेवून एकोणीस पायऱ्या चढले. मागून बायको, विमलताई. "पडले तं उचलायले कोन हाय?" एवढंच त्या म्हणाल्या.

अंजूने दार उघडलं. आत चप्पल होतीच.

"हे पाह्य अंजू," घनश्यामरावांनी घसा साफ केला. "मानसाचं काही खासगी असते, ते मले समजते, पन..."

"खासगी कुठं राह्यलं, काकाजी?" ती शांतपणे म्हणाली. "परवा चौकातल्या शिंप्यानं विचारलं, म्याडम, तुमचे साहेब कोन्या गावचे. संध्याकाळी घरी यावं तं पलंगावर पान्ह्याचा काळा डाग. उकंडाभाऊले माह्या कोन्या डब्यात चिवडा हाय तेबी माहीत. मले सांगून पाठवलं असतं, तं मी सुट्टी टाकली असती."

"मी तं तुले त्रास नको म्हनून..."

"अजी," विमलताई मध्येच म्हणाल्या, "ते चप्पल पायात घालून पाहा."

"कोनाची चप्पल मी कायले घालू?"

"घाला म्हटलं ना."

त्यांनी घातली. चप्पल जुनी ओळख असल्यासारखी पायात बसली. डावी टाच बाहेरून झिजलेली होती, गुडघा दुखणाऱ्याची झिजते तशी.

"हे तं..." घनश्यामरावांनी पाय वळवून टाच पुन्हा पाहिली. "हे तं लालसिंगच्या कुत्र्यानं नेली होती." त्या कुत्र्यापायी शेजारच्या लालसिंगशी त्यांची दोन महिने बोलचाल बंद होती.

"कुत्र्यानं नाही, मी नेली," विमलताईंनी सांगितलं. "शर्टबी तुमचाच हाय."

शर्ट त्यांनी तरीही ओळखला नाही. पस्तीस वर्षं समोर काढून ठेवलेला शर्ट घालणाऱ्या माणसाकडून ती अपेक्षाही नव्हती.

"एकटी पोरगी राह्यते," विमलताई म्हणाल्या. "अन् तुम्ही किल्ली देता कोनाच्याबी हातात. म्हटलं, आत येनाऱ्याले वाटलं पाह्यजे, घरात मानूस हाय."

"मले काहून नाही सांगतलं?"

"तुमाले सांगनं म्हंजे स्टँडवर सांगनं."

घनश्यामरावांनी पायातल्या चपलेकडे पाहिलं. परके लोक पोरीच्या घरात आपणच पाठवायचो, आणि त्यांच्यासमोर पहाऱ्याला आपलीच चप्पल उभी होती. खिशातून दुसरी किल्ली काढून त्यांनी टेबलावर ठेवली. ती आता कुठलंच कुलूप उघडत नव्हती, तरी ठेवली.

"ओल केव्हा काढू मंग?"

"पुढच्या रविवारी. मी घरी असताना."

"बरं." ते दारापर्यंत गेले, थांबले आणि दाराबाहेर काढलेली आपली दिवाळीतली नवी चप्पल त्यांनी पायाने आत सरकवली. "हे ठेव. त्या जुनीची टाच पाहून कोनीबी समजन, लंगडं मानूस हाय. त्याले कोन भिईन?"

जुनी चप्पल घालूनच ते खाली उतरले. दुपारी लालसिंगच्या कुत्र्याला ग्लुकोजची दोन बिस्किटं मिळाली. कशाबद्दल ते त्याला कळलं नाही.

पुढच्या रविवारी त्यांनी जिन्याखाली उभं राहून खणखणीत आवाज दिला, "लक्ष द्या. दहा वाजता येनारे उकंडा मिस्त्री साडेदहाला आले हायेत."

वरून उत्तर आलं, "फलाट क्रमांक दोनवर लावा, काकाजी."

घनश्यामरावांनी उगाच चष्मा पुसला.

तासाभराने उकंडा पायांचा आवाज न करता खाली आला. "हळू ठोका म्हने. भाऊ झोपला हाय आतल्या खोलीत, पोलिसात हाय म्हने. चप्पल पाह्यली मी, नवी कोरी." तो आणखी जवळ सरकला. "काकाजी, खरंच भाऊ हाय काय?"

"ते खासगी हाय," घनश्यामराव म्हणाले.

संध्याकाळपर्यंत चौकातल्या शिंप्याला कळलं, की आडे म्याडमचा भाऊ पोलिसात आहे आणि त्याची झोप मोडलेली त्याला चालत नाही.