मुकादमासाठी घेतलेल्या बांगड्या

वच्छलाने रबरी शिक्का शाईच्या गादीवर दोनदा दाबला आणि कागदावर टेकवणार, तोच बाबुलालने समोरून कागद ओढून घेतला. शिक्का टेबलावरच बसला. 'श्रमसहाय्य मंडळ, कॅम्प एक, भिलाई' अशी निळी अक्षरं लाकडावर उमटली.

"बाई, येमा ठप्पा झन मारव," बाबुलाल म्हणाला. यावर शिक्का मारू नका.

"कावून? काय झालं?"

"मैनाबाई अब विधवा नइ हे. चूरी पहिर डारिस."

बाबुलाल इकडच्याच गावचा. सकाळी झोपड्याझोपड्यांतून हिंडायचं, काम नसलेल्यांना हाताला धरून मंडळाच्या या पत्र्याच्या खोलीत आणायचं आणि त्यांचं बोलणं वच्छलाला समजावून सांगायचं, ही त्याची नोकरी. थट्टा करणं त्याच्या स्वभावात नव्हतं. म्हणून वच्छलाने शिक्का खाली ठेवला.

कागद तसा साधा होता. कारखान्याच्या बांधकामावरच्या मजुरांसाठी नवा दवाखाना उभा राहिला होता आणि तिथे चार आया हव्या होत्या. पक्की नोकरी, दरमहा पगार, राहायला खोली. निराधार विधवेला पहिला मान. मंडळाने मैनाबाईचं नाव धाडलं, ते मंजूरही झालं. आता 'सदर बाई विधवा असून तिला कोणाचाही आधार नाही' एवढा दाखला आज पाचच्या आत पोचता करायचा होता. दोन वर्षांत मंडळाने शेकड्याने माणसं कामाला लावली होती, पण सगळी मातीच्या कामावर, आज आहे उद्या नाही अशी. पक्की नोकरी ही पहिलीच. चिटणीस शामरावांनी तर आदल्याच दिवशी दुर्गहून पेढे आणवून वाटलेही होते.

शामराव रेल्वेतून निवृत्त झालेले मालबाबू. तीस वर्षं पावत्या फाडल्यामुळे त्यांचा माणसापेक्षा कागदावर भरवसा जास्त. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"चूडी घातली म्हणजे? बांगड्या कोणी बी घालते. त्यानं काय होते?"

"हमर डहर ओइच बिहाव ए, बाबूजी."

बाबुलालने मग नीट समजावून सांगितलं. पुरुषाने आपल्या हाताने विधवेला बांगड्या द्यायच्या, तिने त्या घालायच्या, झालं लग्न. भटजी लागत नाही, वाजंत्री लागत नाही. वस्तीने पाहिलं की पुरे.

"पण देल्या कोणी?" शामरावांनी विचारलं.

"केवलराम."

केवलरामच्या हातात त्या बांगड्या वच्छलानेच ठेवल्या होत्या.

त्याचं असं झालं होतं. मातीच्या कामावर मुकादम एकटं माणूस घेत नसे. इकडची रीत जोडीची. नवऱ्याने कुदळ मारायची, बायकोने टोपली वाहायची, आणि हजेरीही जोडीचीच लागायची. मैनाबाईचा नवरा दोन वर्षांपूर्वी तापाने गेला होता आणि गावची जमीन कारखान्याखाली गेली होती. टोपली उचलायला तिच्यापाशी हात होते, पण पुढे कुदळ नव्हती. केवलरामपाशी कुदळ होती, मागे टोपली नव्हती. वच्छलाने दोघांची जोडी लावून दिली आणि स्वतःच्या हुशारीवर मनातल्या मनात खूष झाली. मग दोन दिवसांनी मुकादमाने खोडा घातला. मोकळ्या हातांची बाई परक्या माणसामागे उभी केली तर चार तोंडं चार गोष्टी बोलतील, असं त्याचं म्हणणं पडलं. आता एवढ्यासाठी काम घालवायचं का? वच्छलाने सुपेल्याच्या बाजारातून डझनभर लाल बांगड्या घेतल्या. माप स्वतःच्याच मनगटावर पाहिलं. नवरा रुळांवरच्या अपघातात गेला तेव्हापासून तेही मोकळंच होतं.

संध्याकाळी केवलराम दफ्तरात आला, तेव्हा तिने पुडी त्याच्याकडे दिली.

"मैनाले दे. म्हणा, उद्या घालून ये कामावर."

"मैं देवंव?" त्याने विचारलं.

"हो, तूच दे."

"मैंच, बाई?"

"अरे, तुलेच सांगून राहिली नं मी!"

त्याने पुडी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि बाहेरच्या नळावर पाय धुऊन मगच तो गेला. वच्छलाला वाटलं, माणूस जरा भोळा दिसतो. तिच्या माहेरी विधवेचा पाट लावायचा म्हणजे नारळ हवा, पागोटं हवं, पाच पंच हवेत, आणि रुसलेल्या मामाची समजूत काढायला सहावा माणूस हवा. बांगड्यांच्या पुडीत लग्न बांधलेलं असेल हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. नेमका बाबुलाल त्या आठवड्यात बहिणीच्या गावी गेला होता.

"म्हणजे चूक झाली," शामराव म्हणाले. "मंग चूक हाय म्हणून सांगून टाका तिले. पक्की नोकरी कावून घालवायची?"

"दोघं एका झोपडीत राहून राहिले का?" वच्छलाने बाबुलालला विचारलं.

"आठ दिन होगे."

शामराव चष्मा पुसू लागले. बराच वेळ पुसत राहिले.

"बाई खुद बोलही के गलती होगे, त पंच मन मान जाहीं," बाबुलाल हळूच म्हणाला. बाईंनी स्वतः चूक कबूल केली तर पंच ऐकतील, एवढाच काय तो मार्ग होता.

वच्छलाने दाखला घडी घालून पिशवीत टाकला.

"मी जाते," ती म्हणाली.

ती मातीच्या कामावर पोचली तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती. खोदलेल्या मातीचे ढिगारे ओळीने पडले होते आणि जो तो आपापल्या ढिगाऱ्याच्या सावलीला बसला होता. पलीकडे चिमणीभोवतीची परांची आकाशाला टेकल्यासारखी दिसत होती. मैनाबाई चुंबळीवर बसून बासी खात होती, रात्रीचा भात पाण्यात घातलेला, सोबत कांदा. वीस पावलांवर केवलराम मात्र खड्ड्यात उतरून कडा सारख्या करत होता.

"बइठव, बाई," मैनाने पदराने जागा झटकली.

वच्छला बसली. वाटेने येताना तिने वाक्यं जुळवून ठेवली होती. चूक झाली, माझीच झाली, बांगड्या उतरव, नोकरी तुझी आहे.

"मैना, ह्या चूड्या हायेत नं..."

"बने हे न?" मैनाने दोन्ही हात पुढे केले. "एको ठन नइ फूटिस."

आठ दिवस टोपल्या वाहूनही एक बांगडी फुटली नव्हती याचं तिला कौतुक होतं. मग ती आपणहूनच बोलत गेली. केवलराम पुडी घेऊन आला तेव्हा तिने त्याच्या तोंडावर दार लावलं होतं. कोण कुठला माणूस, दोन दिवस मागे टोपली उचलली म्हणून बांगड्या घेऊन येतो! ती आत बसून रडली. तो बाहेर उभाच राहिला. शेवटी दाराआडून म्हणाला, मी आपल्या मनाने आलो नाही, बाईंनी धाडलंय.

"बाई हर पठोए हे सुनेंव, तब कपाट खोलेंव," मैना म्हणाली. बाईंनी धाडलंय हे ऐकलं तेव्हा दार उघडलं.



"आदमी बने हे," मैना खालच्या आवाजात म्हणाली. "पहिली मोला खवाथे." माणूस चांगला आहे, आधी मला वाढतो, मग खातो. थोडं थांबून तिने सरळ वच्छलाच्या डोळ्यांत पाहिलं. "तुमन पूछताछ करे रहेव न, बाई? मोर मइके त अब तुमन हव."

माझं माहेर आता तुम्हीच, असं ती म्हणत होती. वच्छलाने चौकशी केली होतीच की. केवलरामचं वय विचारलं होतं, दमा-खोकला विचारला होता, दिवसाला किती माती काढतो तेही विचारलं होतं. सगळं रजिस्टरात सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं.

"हो," ती म्हणाली. "केली होती."

मैनाने समाधानाने मान हलवली आणि कांद्याचा अर्धा तुकडा तिच्यापुढे धरला. तो तिला खावा लागला. स्वतःची इतकी लाज वच्छलाला पूर्वी कधी वाटली नव्हती. ती उठली आणि खड्ड्याकडे चालू लागली.

तिला पाहताच केवलरामने कुदळ आडवी ठेवली. खड्ड्यातून वर आला, हात धोतराला पुसले, गळ्यातला गमछा डोक्यावर घेतला आणि समोर उभा राहिला.

"केवलराम, तुले काही विचारायचं हाय."

"पूछव. आठ दिन ले रद्दा देखत हंव."

तो वाट पाहत होता. मैनाच्या बाजूचं कोणीतरी विचारायला येईल, यायलाच हवं, म्हणून आठ दिवस रोज संध्याकाळी दारापाशी एक खाट टाकून ठेवत होता. हे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही.

"दारू पितोस?"

"होली मा."

"पहिली बायको?"

"जचकी मा गुजर गे." बाळंतपणात गेली. मग त्याने नजर खाली केली. "एक झन नोनी हे, बाई. फूफू घर हे."

त्याला मुलगी होती. आत्याकडे ठेवली होती.

"मैनाले सांगितलं हे?"

"कोनो पूछिस नइ."

तो लपवाछपवी करत नव्हता. त्याच्याकडची रीतच तशी, मुलीकडच्यांनी विचारायचं आणि मुलाने सांगायचं. न विचारलेलं आपण होऊन पुढे करणं त्याला आगाऊपणाचं वाटलं होतं. वच्छलाच्या रजिस्टरातही मुलाबाळांचा रकाना होता, पण तो फक्त बायकांच्या पानावर. तान्हं मूल असलेली बाई मुकादम घेत नसे, म्हणून तो आखला होता. पुरुषांना ते विचारायचं कोणाच्याच मनात आलं नव्हतं.

"मंग आता तिले कोण सांगन?" वच्छलाने विचारलं.

केवलराम तिच्याकडेच पाहत राहिला.

वीस पावलांचं अंतर कापायला वच्छलाला बराच वेळ लागला. मैना भांडं विसळत होती.

"मैना, मी चौकशी नव्हती केली," ती म्हणाली. "खोटं बोलली मी तुले."

मग जसं तोंडी आलं तसं सांगत गेली. मराठी, हिंदी, जे सापडेल त्यात. बांगड्या मुकादमाला दाखवायला घेतल्या होत्या. इकडची रीत मला ठाऊक नव्हती. दवाखान्यात पक्की नोकरी आहे, खोली आहे, पण ती विधवेसाठी आहे. दाखला या पिशवीत आहे आणि पाच वाजेपर्यंत मुदत आहे. तू म्हणशील तर पंचांपुढे उभी राहून माझी चूक मी माझ्या तोंडाने सांगते, तुझ्याकडे कोणी बोट दाखवणार नाही. आणि केवलरामला एक मुलगी आहे. आत्याकडे असते. हे आत्ताच कळलं.

मैनाचे हात भांड्यावर थांबले. पलीकडे जमिनीत खांब ठोकणारं यंत्र सुरू झालं होतं. त्याचे आठ-दहा ठोके पडले. ती रडेल किंवा शिव्या देईल असं वच्छलाला वाटत होतं, आणि शिव्या दिल्या तर बरं होईल असंही वाटत होतं.

"कतका बड़े हे?" मैनाने विचारलं.

"काय?"

"नोनी. कतका बड़े हे?"

मुलगी केवढी आहे, हे वच्छलाने विचारलंच नव्हतं. ती लगबगीने खड्ड्याकडे वळली, दोन पावलं गेलीही. मग थांबली.

"तूच विचार," ती म्हणाली.

बाईने स्वतः जाऊन पुरुषाला असं विचारायची रीत इकडे नव्हती आणि वच्छलाच्या माहेरीही नव्हती. मैनाने भांडं पालथं घातलं, पदर डोक्यावर ओढला आणि घटकाभर तशीच उभी राहिली. मग निघाली. खड्ड्याच्या काठाशी पोचल्यावर ती काहीतरी बोलली. केवलरामने उत्तरादाखल हात जमिनीपासून उचलून कमरेपर्यंत नेला. मग जरा आठवून पाहिलं आणि हात आणखी चार बोटं वर धरला.

मैना काठावर बसली. तिने पुढे काय विचारलं ते ठोक्यांच्या आवाजात इथवर ऐकू येत नव्हतं. वच्छला ढिगाऱ्यावर बसून राहिली. पाच वाजायला अजून अवकाश होता.